पहिला कंटेनर गोव्याबाहेर काढताना: बोटीपासून उलटं मोजा

डिचोलीत आमचं काजूगर सोलून भरण्याचं छोटं युनिट आहे. दुबईची पहिली ऑर्डर आली तेव्हा मी निर्धास्त होते. मुरगाव बंदर इथून दीड तासावर, माल तिथे नेऊन दिला की आपलं काम संपलं, असं माझं गणित. प्रत्यक्षात माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून गेला, ठरलेली बोट चुकवून पुढच्या आठवड्याच्या बोटीने गेला, आणि वाटेत खर्चाच्या अशा ओळी निघाल्या ज्यांची नावंही मी ऐकली नव्हती. आता सवय झाली आहे. पण दर सीझनला कुणीतरी नवा उद्योजक फोन करून तेच प्रश्न विचारतो, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते. उदाहरण काजूचं आहे. कोकम सोलं, मसाला, फर्निचर काहीही असलं तरी वाट साधारण हीच.

१. घराजवळचं बंदर आपल्या कामाचं असेलच असं नाही

मुरगाव नैसर्गिक आणि देखणं बंदर आहे. १८८० च्या दशकात बंदर आणि कॅसलरॉककडे चढणारी रेल्वे जोडीनेच बांधली गेली. म्हणजे जहाज आणि रेल्वे एकमेकांना जोडायची कल्पना आपल्याकडे कंटेनरच्या कितीतरी आधीची. पण मुरगाव वाढलं ते खनिजावर. खनिज, कोळसा यांसारखा सुटा माल हे त्याचं मुख्य काम, कंटेनरचा धंदा त्या मानाने लहान.

कंटेनरचं गणितच वेगळं. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने ५८ डबे ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. त्यातली खरी गंमत जहाजात नव्हती. माल न उघडता तोच डबा ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर गेला, यात होती. पुढे डब्यांची मापं जगभर एकसारखी ठरली आणि डब्यासाठी रस्ता, रेल्वे, समुद्र ही एकच सलग वाट झाली. बंदर म्हणजे त्या वाटेवरचा सांधा. आणि सांधा तिथेच मजबूत होतो जिथे तिन्ही बाजूंनी पुरेशी वर्दळ असते.

२०२५ च्या जूनमध्ये केरळच्या विळिंजमला ‘एमएससी इरिना’ लागली. वीस फुटी हिशोबाने २४,३४६ डब्यांची ही बोट. असली बोट आपल्या एका डब्यासाठी वाकडी वाट करत नाही. ती मोजक्या मोठ्या बंदरांना लागते, आणि लहान बंदरांतले डबे फीडर, म्हणजे छोट्या जोडबोटीने तिच्यापर्यंत जातात. म्हणून तुमचा पहिला प्रश्न ‘जवळचं बंदर कोणतं’ हा नसावा. ‘माझ्या गिऱ्हाइकाच्या बंदराला दर आठवड्याला थेट बोट कुठून सुटते’ हा असावा. आखाती देशांसाठी आपल्याकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, न्हावा शेवा.

२. कागद: ऑर्डर यायच्या आधीच जमवा

इथे फार रेंगाळत नाही, यादी देते.

- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर पॅनच्या आधारे मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पुन्हा नक्की करावी लागते, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. ही चूक मीही केली आहे.
- जीएसटीचा एलयूटी, म्हणजे कर आधी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, फॉर्म आरएफडी-११. दर आर्थिक वर्षाला नवा.
- बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र, आणि त्याची आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर नोंदणी. कोणत्या बंदरासाठी, ते सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला विचारूनच करा.
- मालानुसार निर्यात मंडळाची नोंदणी, म्हणजे आरसीएमसी. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा परवाना.
- दर खेपेला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद), ई-वे बिल (माल रस्त्याने नेण्याचा जीएसटीचा कागद) आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला). समोरचा देश मागत असेल तर फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) आणि धुरी दिल्याचं प्रमाणपत्र.

यूएईला माल जात असेल तर ओरिजिनचं प्रमाणपत्र हलक्यात घेऊ नका. १ मे २०२२ पासून भारत-यूएई व्यापार करार लागू आहे, आणि करारातली शुल्कसवलत गिऱ्हाइकाला मिळते ती या कागदावरच. एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक, तोही स्वतः तपासा. अख्ख्या काजूगराचा ०८०१३२२०, तुकड्याचा ०८०१३२१०. इन्व्हॉइसवर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरा पडला की तिकडचं कस्टम माल अडवतं आणि गिऱ्हाईक तुम्हाला अडवतं.

काजूवाल्यांसाठी आणखी एक. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पण आफ्रिकेतून आलेली बी फोडून भरली असेल तर त्या डब्यावर ते नाव घालायचं नाही.

३. वाट निवडा

तुमच्यासमोर साधारण चार वाटा असतात.

पहिली: ट्रेलर रिकामा डबा घेऊन तुमच्या दारात येतो, तुम्ही भरता, सील लावता, तो थेट न्हावा शेवाला जातो. माल एकदाच हाताळला जातो. पण डब्याचं येणं आणि जाणं, दोन्हीचं भाडं तुमच्या माथी.

दुसरी: साध्या ट्रकने माल न्हावा शेवाजवळच्या सीएफएसला (डबे भरण्या-उतरवण्याच्या गोदामाला) न्यायचा आणि तिथे डब्यात भरायचा. पूर्ण डबाभर माल नसेल तर हाच मार्ग, कारण तिथे चार जणांचा माल एका डब्यात जातो. त्याला एलसीएल म्हणतात. दर स्वस्त वाटतो, पण पेट्या चार-पाच वेळा उचलल्या-आपटल्या जातात. आणि तुमचा शेजारी कोण असेल ते तुम्हाला कळत नाही. काजू वास धरतो. माझ्या ओळखीतल्या एकाचे गर अगरबत्तीच्या शेजारी बसून गेले होते. पुढचं सांगायला नको.

तिसरी: रेल्वे. केपे तालुक्यात बाळ्ळीला कोकण रेल्वेच्या रुळालगत कॉन्कॉरचा (सरकारी कंटेनर वाहतूक कंपनीचा) लॉजिस्टिक पार्क आहे. डबा तिथे द्यायचा, पुढे तो रुळावरून. ऐकायला सगळ्यात छान. पण मालगाडी एका डब्यासाठी निघत नाही, पुरेसे डबे जमावे लागतात. म्हणून बुकिंगच्या आधी ‘पुढची गाडी कधी’ हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. याच रुळांवर १९९९ पासून कोलाड-वेर्णा रो-रो चालते, भरलेला ट्रकच वॅगनवर चढवायचा. दुसरी वाट घेणाऱ्यांनी पावसाळ्यात तिचा विचार जरूर करावा.

चौथी: मुरगावहूनच फीडर. गिऱ्हाइकाच्या बंदराशी जुळणारी बोट असेल तर उत्तमच. लाईनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या एजंटकडून पुढच्या चार आठवड्यांचं वेळापत्रक मागून घ्या. एकच तारीख दाखवून गप्प बसला तर समजून जा. दक्षिणेकडे नवीन मंगळूर आणि कोची हेही काजूवाल्यांचे जुने रस्ते आहेत, तिथला दर एकदा मागवून पाहायला हरकत नाही.

मी पहिली वाट घेते. महाग पडते, पण रात्री झोप लागते.

४. एकच माणूस जबाबदार हवा

नवखा माणूस पैसे वाचवायला ट्रेलर एकाकडून, सीएचए दुसऱ्याकडून, बोटीची जागा तिसऱ्याकडून घेतो. सगळं सुरळीत असेल तोवर ठीक. माल भिजला की ट्रेलरवाला बंदराकडे बोट दाखवतो, बंदर लाईनकडे, लाईन तुमच्याकडे.

आपल्याकडे १९९३ चा बहुविध वाहतुकीचा कायदा आहे. त्याखाली नोंदणी असलेला ऑपरेटर, म्हणजे एमटीओ, दारापासून परदेशातल्या मुक्कामापर्यंत एकच कागद देतो आणि वाटेतल्या सगळ्या टप्प्यांची जबाबदारी घेतो. नोंदणी डीजी शिपिंगकडे असते, प्रमाणपत्र दाखवायला सांगा. पण जबाबदारी म्हणजे पूर्ण भरपाई, असं समजू नका. तुम्ही मालाची किंमत कागदावर जाहीर केली नसेल आणि नुकसान कोणत्या टप्प्यावर झालं ते कळत नसेल, तर दर किलोला २ एसडीआर किंवा दर नगाला ६६६.६७ एसडीआर, यातली मोठी रक्कम ही मर्यादा. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. दावा लावायची मुदत नऊ महिने.

मालाची जोखीम कुठपर्यंत कुणाची, ही अटही याच टप्प्यावर गिऱ्हाइकाशी ठरवा. सवयीने सगळे एफओबी लिहितात. एफओबीत माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम तुमची. डबा बंदराच्या यार्डात चार दिवस पडला आणि तिथे काही झालं, तरी तुमचीच. कंटेनरसाठी एफसीए जास्त शहाणपणाची, त्यात ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की तुमची जोखीम संपते. गिऱ्हाईक एफओबीवरच अडलं तर अडू दे, पण मग विमा तुमच्या गोदामापासूनच घ्या.

५. बोटीच्या कट-ऑफपासून मागे मोजा

या लेखातलं एवढं एक वाचलंत तरी चालेल.

आपण सगळे पुढे मोजतो: माल सोमवारी तयार, मंगळवारी भरू, बुधवारी निघू. बंदर मागे मोजतं. बोट सुटायच्या आधी काही ठरलेल्या वेळा असतात. डबा आत घेण्याची शेवटची वेळ, वजनाचा कागद देण्याची शेवटची वेळ, बिल ऑफ लेडिंगचा (लाईन देते त्या माल-पावतीचा) मजकूर देण्याची शेवटची वेळ. या तीन वेळा वेगवेगळ्या असतात. बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात असतात. त्या मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

माझी पहिली बोट चुकली ती अशी. डबा गेटवर वेळेत पोचला होता. ज्याच्यावर कागद सोपवले होते त्याने वजनाची नोंद कट-ऑफनंतर केली. डबा ‘रोल’ झाला, म्हणजे पुढच्या बोटीवर ढकलला गेला. आठवडाभराचं भाडं मी भरलं.

आता मी असं मोजते. गेटच्या कट-ऑफच्या आधीचे दोन दिवस मोकळे. त्याआधीचे दोन रस्त्याचे. त्याआधीचा एक भरणीचा. त्याआधीचे दोन रिकामा डबा यायचे. म्हणजे कट-ऑफच्या सात दिवस आधी माल पेट्यांत बंद आणि लेबलांसकट तयार हवा. पावसाळ्यात यात आणखी दोन धरा. दरड पडते, घाटात अवजड वाहनांना बंदी लागते, आणि मग ट्रेलर लांबच्या वाटेने फिरून जातो. पत्रादेवीला, गोव्याच्या सीमेवरच्या नाक्यावर, ई-वे बिलावरचा गाडीनंबर चुकीचा निघाला तर अर्धा दिवस तिथेच. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात भरणी ठेवूच नका. हमाल मिळणार नाहीत, ड्रायव्हर मिळणार नाही, खरं सांगायचं तर तुमचं स्वतःचंही लक्ष लागणार नाही.

गिऱ्हाइकाकडून मोजणंही हेच. रमजानच्या बाजारासाठी माल हवा असेल तर तो आधी महिनाभर तरी त्याच्या गोदामात लागतो. न्हावा शेवा ते जेबेल अली (दुबईचं बंदर) थेट बोटीला थोडेच दिवस लागतात, पण युरोपचं तसं नाही. २०२३ च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. वाटेत डबा दुसऱ्या बोटीवर बदलायचा असेल तर तिथेही तो रोल होऊ शकतो. म्हणून दर मागताना ‘थेट की बदली’ हे विचाराच.

६. रिकामा डबा दारात आला की

त्याआधी, तो दारात येऊ शकतो का ते पाहा. गावातल्या रस्त्याला ट्रेलर वळतो का? वरून विजेच्या तारा, आंब्याची फांदी? ट्रेलरवरच्या डब्याचा माथा चार मीटरच्या आसपास जातो. आमचा पहिला ट्रेलर देवळाजवळच्या वळणावर तीन तास अडकला होता. अख्खा वाडा जमला, प्रत्येकाकडे सल्ला तयार. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी शेजारच्या घराच्या चिऱ्यांच्या कुंपणाचे चार चिरे काढायला लावले तेव्हा कुठे तो सुटला. कुंपण दुसऱ्या दिवशी मीच बांधून दिलं.

डब्याची लादी जमिनीपासून छातीएवढी उंच असते. धक्का नसेल तर फळ्यांचा उतार आधी करून ठेवा.

मग डबा तपासा. एक माणूस आत जाऊ द्या, दोन्ही दारं लावा. अंधारात कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे, डबा परत पाठवा. लाज वाटू देऊ नका, बदलून मिळतो. लादी कोरडी आहे का, खिळे वर आलेत का, आणि मुख्य म्हणजे वास. आधीच्या खेपेत फिशमील गेलेलं असेल तर नाकच सांगतं. दारावरचा नंबर बुकिंगशी जुळवा: चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला एक तपासणी अंक. फोटो काढा. रिकाम्या डब्याचे फोटो कुणी काढत नाही, आणि भांडण झालं की तेच लागतात.

७. भरणी

काजूच्या धंद्यात ठरलेला हिशोब आहे: २२.६८ किलोची, म्हणजे ५० पौंडांची पेटी, वीस फुटी डब्यात ७०० पेट्या. निव्वळ माल १५,८७६ किलो. पेट्यांचं आणि सव्वादोन टनांच्या आसपास डब्याचं स्वतःचं वजन धरलं की १९ टनांच्या घरात. तुमच्या मालाचं असं गणित कागदावर मांडून पाहा. वीस फुटी डब्यात मोजमापाने ३३ घनमीटर बसतात, प्रत्यक्षात तेवढे कधीच भरता येत नाहीत.

लाकडी पॅलेट वापरत असाल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा शिक्का हवाच. सुताराकडून करून घेतलेलं पॅलेट कितीही सुबक असलं तरी शिक्क्याशिवाय चालत नाही.

आपल्या हवेचा स्वतंत्र त्रास म्हणजे डब्यातला पाऊस. जुलैच्या दमट हवेत डबा भरला, दार बंद केलं, की ती ओल आतच राहते. समुद्रावर रात्री छत थंड पडतं, ओल त्याला धरते आणि थेंब थेंब पेट्यांवर गळते. भोक नसतानाही माल भिजतो तो असा. उपाय साधे: पेट्या आणि लाकूड पूर्ण कोरडं हवं, भरणी एका दिवसात संपवा, रात्रभर दार उघडं टाकू नका, भिंतींना ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा आणि सगळ्यात वर क्राफ्ट कागद अंथरा. भरताना एक माणूस फक्त मोजायला ठेवा. पूर्ण डब्याच्या बिल ऑफ लेडिंगवर ‘भरणी आणि मोजणी पाठवणाऱ्याची’ अशा अर्थाची ओळ असतेच, त्यामुळे दहा पेट्या कमी निघाल्या तर लाईन हात वर करते.

८. सील आणि वजन

कारखान्यातच सील लावायचं असेल तर कस्टमच्या नियमाने आरएफआयडी ई-सील लागतं, लाईनचं बॉटल सील वेगळं. दोन्ही नंबर तुम्ही स्वतः वाचा, फोनवरून ऐकून लिहू नका. एक आकडा चुकला की गेटवर डबा बाजूला लागतो.

१ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो बोटीवर चढत नाही. काट्यावर भरलेला डबा तोला, किंवा माल, पॅकिंग आणि डब्याचं वजन मिळवा. अंदाजे आकडा टाकू नका. बोटीवर कोणता डबा खाली आणि कोणता वर, हे या आकड्यांवर ठरतं.

९. गेट ते बोट

पुढचं काम सीएचएचं: शिपिंग बिल, सीलची तपासणी आणि लेट एक्सपोर्ट ऑर्डर (माल पाठवायला कस्टमची परवानगी). तुम्ही फक्त एवढं करा. ड्रायव्हरचा नंबर जवळ ठेवा, आणि गेट-इन झाल्याची, म्हणजे डबा बंदराच्या आत घेतल्याची पावती त्याच दिवशी मागून घ्या. ‘पोचला मॅडम’ म्हणजे गेट-इन नव्हे. कधीकधी त्याचा अर्थ पनवेलच्या धाब्यावर पोचला एवढाच असतो.

दोन शब्द घोळात टाकतात. डिमरेज म्हणजे डबा बंदरात मुदतीपेक्षा जास्त पडून राहिल्याचा दंड. डिटेन्शन म्हणजे लाईनचा डबा बंदराबाहेर तुमच्या ताब्यात जास्त दिवस राहिल्याचा. मोफत दिवस किती, हे दोन्ही टोकांना विचारा. गिऱ्हाइकाच्या बाजूचे चार दिवस जास्त मागून घेतलेत तर तो पुढची ऑर्डर देताना आठवण ठेवतो.

१०. बिल ऑफ लेडिंग आणि विमा

मसुदा आला की स्वतः वाचा: गिऱ्हाइकाचं नाव, बंदर, डबा, सील, पेट्या, वजन. बोट सुटल्यावर दुरुस्तीला पैसे लागतात. मूळ प्रती तीन असतात, आणि त्यातली एक ज्याच्या हातात त्याचा माल. पैसे यायच्या आधी त्या हातून सोडू नका. फॉरवर्डरने, म्हणजे मधल्या वाहतूक एजंटने, स्वतःचं हाऊस बिल दिलं असेल तर लाईनचं मास्टर बिल कुणाच्या नावावर आहे ते विचारा.

विमा काढायचा की नाही, असं विचारणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये आडवी अडकली, सहा दिवसांनी सुटली, पण नंतर जुलैपर्यंत डब्यांसकट धरून ठेवली गेली. मालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं, म्हणजे सोडवणुकीच्या खर्चात बोटीवरच्या प्रत्येक मालवाल्याचा वाटा. विमा असेल तर हमी कंपनी देते, नसेल तर रोख तुम्ही. दुसरी गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची. २५ मे २०२५ ला ‘एमएससी एल्सा ३’ विळिंजमहून कोचीला जाताना बुडाली आणि डबे केरळच्या वाळूवर येऊन लागले. पॉलिसी घेताना ‘क्लॉज ए’, म्हणजे सगळ्यात व्यापक संरक्षण मागा, आणि ती गोदामापासून गोदामापर्यंत आहे का ते पाहा.

११. बोट गेल्यावर

लाईनने ईजीएम, म्हणजे बोटीवर गेलेल्या मालाची कस्टमला द्यायची यादी, भरलं का, आणि त्यात तुमचं शिपिंग बिल बरोबर उतरलं का, हे आठवड्याने आइसगेटवर पाहा. तिथे चूक राहिली की जीएसटीचा परतावा आणि रोडटेप (इतर करांची निर्यातदाराला मिळणारी परतफेड) दोन्ही अडकतात, आणि कुणी तुम्हाला सांगायला येत नाही. माझा एक परतावा पाच महिने अडकला होता. कारण डब्याच्या नंबरात शून्याच्या जागी ‘ओ’ पडला होता. पैसे आले की डीजीएफटीच्या पोर्टलवर ईबीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला, करून घ्या आणि सगळ्या कागदांची एक फाईल डब्याच्या नंबराने लावून ठेवा. दुसरा डबा पाठवताना ती उघडून बसायची, मला फोन करायची गरज पडणार नाही. तरी केलात तर संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा भट्टीच्या आवाजात काही ऐकू येत नाही.